म्हसोबाच्या चढाची तयारी

आमच्या सरांना गाडी चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणालाही वाटेल की हा माणूस जन्मभर गॅरेजात राहिला असणार. सर हायस्कूलला पी.टी.चे शिक्षक होते. सायकल सोडून दुसरं वाहन त्यांनी कधी हातात धरलं नाही, आणि सायकलसुद्धा बहुतेक वेळा हातात धरूनच चालायचे. रिटायर झाल्यावर लोक घराला रंग देतात, देवाधर्माला जातात. सरांनी एक जुनी पिकअप घेतली. तिच्या आधीच्या मालकानं ती विकल्यावर पेढे वाटले असतील, अशी तिची अवस्था होती.

पिकअप घेतली आणि सर थेट आमच्या दारात आले. मी शेरडांना पाला टाकत होते. शाळेत असताना मी आठशे मीटर पळायचे आणि सरांच्या हाताखाली तयार झाले होते. माहेरी मी ट्रॅक्टर चालवायचे, हेही त्यांना ठाऊक होतं. खाली न बसताच ते म्हणाले, लायसन काढ, मी दुधाचा रूट घेतलाय, गाडी तू चालवायची. आमचे हे सुप्याला कंपनीत, ते रात्री उशिरा यायचे. म्हणून उत्तर द्यायची पाळी सासऱ्यांवर आली. बाईमाणूस पिकअप चालवणार म्हटल्यावर लोक काय म्हणतील, असं ते चाचरत म्हणाले. सरांनी शांतपणे सांगितलं, ज्यांना दूध घालायचंय ते काही म्हणणार नाहीत, आणि ज्यांना घालायचं नाही त्यांच्याशी आपला संबंध काय.

खरंच कुणी काही म्हणालं नाही. पारनेर तालुक्यात आमच्या बाजूला डोंगराच्या पोटाशी पाच-सहा वस्त्या आहेत. घरटी दोन-चार गाया. दूध वर सडकेवरच्या चिलिंग सेंटरला न्यायचं, आणि मध्ये म्हसोबाचा चढ. रस्ता अरुंद, वरच्या वळणावर शेंदूर लावलेला म्हसोबा, आणि त्या वळणावर भल्याभल्या गाड्या धापा टाकतात. नव्या गाडीवाल्यांना त्या चढाला जाणं परवडत नव्हतं. त्यामुळे खालच्या वस्त्यांचं दूध बरीच वर्षं मोटारसायकलला किटल्या अडकवून जाईल तेवढं जायचं, बाकीचं घरात. वस्त्यांवरचे निम्मे संसार सरांच्या विद्यार्थ्यांचे होते. सर त्यांना अजून ‘पोरं’ म्हणायचे, त्यांची पोरं कॉलेजात गेली तरी.

सरांनी आयुष्यभर पोरं पळवली होती. त्यामुळे पिकअपही त्यांना पोरासारखीच वाटायची, म्हणजे पोरीसारखी. सकाळी ते पांढरे कॅनव्हासचे बूट घालून हजर. बुटांना खडू लावलेला, गळ्यात शिट्टी. गाडी चालू केली की लगेच हलवायची नाही, तिचं अंग गरम होऊ द्यायचं. तोवर सर चारी टायरांवरून हात फिरवत एक चक्कर मारणार. सेंटरवर पोचल्यावरही लगेच बंद करायची नाही. “पळून आलेल्या पोराला लगेच खाली बसवतात व्हय?” असं म्हणून ते माझा किल्लीकडे गेलेला हात थांबवायचे. पुढं पारनेरच्या मिस्त्रीनं सांगितलं की टर्बोच्या गाडीला हे असंच करायचं असतं. त्यावर सरांनी, मला ठाऊकच होतं, असा चेहरा केला. पण त्यांना ते मुळीच ठाऊक नव्हतं.

माझी एक खोड होती. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवायची. ट्रॅक्टरवर लागलेली सवय. सरांनी ती काही रागावून घालवली नाही. एक दिवस चढ लागायच्या आधी त्यांनी मला खाली उतरवलं, माझ्या चपलेत एक खडा ठेवला आणि चढ चालून जायला सांगितलं. मी थोडी गेले आणि परत आले. “तिला रोज असंच वाटतंय,” एवढंच ते म्हणाले. त्यानंतर माझा पाय क्लचवर कधी रेंगाळला नाही.

चढाला किती वेळ लागतो हे सर घड्याळावर बघायचे नाहीत. पोरांना घड्याळ दाखवलं की ती पळायचं सोडून घड्याळाकडे बघतात, असं त्यांचं मत. ते मोजायचे भजनावर. सर ख्रिस्ती; दर रविवारी एस.टी.नं नगरला चर्चला जायचे. आता पाट्यांवर अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण सरांच्या तोंडात शेवटपर्यंत नगरच. आवाज गोड, जुन्या चालीची कीर्तनी भजनं त्यांना पाठ. चढ लागला की एक ठरलेलं भजन सुरू करायचे, तेही ठरलेल्या लयीत, आणि आपण कुठल्या कडव्यात म्हसोबाला पोचलो ते बघायचे. सुरुवातीच्या दिवसांत अख्खं भजन संपायचं, पुन्हा ध्रुपदापासून सुरू व्हायचं, आणि गाडी अजून वळणाच्या खालीच धूर सोडत असायची.

मग ती थांबायची. काटा तापून वर गेलेला असायचा. सर चपळाईनं उतरून मागच्या चाकाला दगड लावायचे, आणि इंजिन निवेपर्यंत आम्ही म्हसोबाच्या कट्ट्यावर बसायचो. खाली सगळ्या वस्त्या दिसायच्या. त्या कट्ट्यावर सरांनी मला जेवढं सांगितलं तेवढं शाळेच्या सगळ्या वर्षांत सांगितलं नव्हतं. स्वतः सर एकही शर्यत जिंकले नव्हते. कायम चौथे यायचे. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. “पहिल्याला कुणाचीच पाठ दिसत नाही. मला तिघांच्या दिसायच्या. कोण कुठं चुकतो ते कळायचं. म्हणून मास्तर झालो,” असं ते म्हणायचे.

माझं लग्न बारावीतच झालं आणि जिल्ह्याच्या स्पर्धेआधीच पळणं सुटलं. त्याबद्दल सर कधी बोलले नव्हते. एकदा कट्ट्यावर बसल्या बसल्या, खाली बघत म्हणाले, “तुझे शेवटचे दोनशे मीटर राहिलेत. लक्षात हाय माझ्या.” मला रडू आलं होतं आणि ते त्यांना दिसू नये म्हणून मी उठून रेडिएटरचं पाणी बघायला गेले. माझ्यातलं काहीतरी अर्धं राहिलंय हे माझ्या आईबापांना, नवऱ्याला, कुणालाच कधी वाटलं नव्हतं. सरांना मात्र वाटलं होतं, आणि एवढ्या वर्षांनी ते त्यांच्या लक्षात होतं.

पण कट्ट्यावर बसून दूध टिकत नाही. उन्हाळा लागला आणि आमचं दूध सेंटरवर आंबट लागायला लागलं. सेंटरच्या सुपरवायझर साहेबांनी एक-दोनदा कॅन परत पाठवले. तेव्हा सरांनी ठरवलं, पोरीची तयारी करायची.

आम्ही पारनेरला मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री भला माणूस, पण त्याला काम मोठं करायला आवडायचं. त्यानं दोन वाटा सांगितल्या. एक, इंजिनच दुसरं बसवायचं. ते सरांच्या पेन्शनीत बसणारं नव्हतं. दुसरी, डिझेलचा पंप वाढवून घ्यायचा. थोडक्यात काम होईल, धूर जरा काळा येईल, पण गाडी घोड्यासारखी ओढेल. मला दुसरी वाट पटली होती. सर बाकावर बसून बराच वेळ शिट्टी चोळत राहिले, मग म्हणाले, “म्हणजे पोरीला इंजेक्शन द्यायचं. आज पळंल, उद्या अंथरूण धरंल. नको.” आणि त्यांनी मिस्त्रीला विचारलं, हिला जेवढी ताकद कंपनीनं दिली होती तेवढी तरी आज हिच्यात आहे का? नसेल तर ती कुठं गेली ते आधी शोधू.

मग सुरू झालं सरांचं शोधणं. त्यांचा नियम साधा होता: ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी, थोडे लागतात ते नंतर, आणि जास्त लागतात ते जमलं तर. मिस्त्रीनं गाडी जॅकवर घेतली आणि सरांनी हातानं मागचं चाक फिरवलं. चाक फिरेना. ब्रेक धरून बसले होते. म्हणजे इतके दिवस आम्ही ब्रेक दाबूनच चढ चढत होतो. सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी मिस्त्रीला चहा पाजला. एअर फिल्टर काढला तर त्यात आमच्या सगळ्या वस्त्यांची माती. टर्बोच्या होजला चीर पडलेली, हवा तिथूनच फुसफुस करत निघून जायची. सायलेन्सर काजळीनं बुजलेला. डिझेल फवारणारी नोझल तेवढी नगरला पाठवावी लागली, आणि त्यासाठी सरांनी त्या महिन्याला वर्तमानपत्र बंद केलं. माझं वाचणं तसंही सरांच्या पेपरावरच उरकायचं, त्यामुळे त्या महिन्यात जगात काय झालं ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

गाडी सुधारली. अगदी दिसण्यासारखी सुधारली. भजनाचं पहिलं आवर्तन संपायच्या आत आम्ही म्हसोबाला पोचायला लागलो. सर खुशीत आले, आणि खुशीत आले की माणसाला थांबवणं अवघड. त्यांनी आता वजनाकडे मोर्चा वळवला. आधीच्या मालकानं गाडीला हौसेनं जे जे लावलं होतं ते सगळं उतरलं: टपावरचं कॅरिअर, पुढचा लोखंडी गार्ड, दोन भोंगे, मागचा डबा. गाडी दागिने उतरवलेल्या नवरीसारखी साधी दिसायला लागली. मग सरांची नजर स्टेपनीवर पडली.

मी नको म्हटलं. मिस्त्रीनंही नको म्हटलं. “पळणारा माणूस जादा बूट गळ्यात अडकवून पळतो का?” असा सरांचा सवाल. स्टेपनी घरी ओट्यावर गेली आणि सर तिच्यावर बसून चहा प्यायला लागले.

व्हायचं तेच झालं. कॅन भरलेले, चढ निम्मा झालेला, आणि मागचं टायर बसलं. सर खाली उतरून टायरकडे बघत उभे राहिले. मला वाटलं आता हे खचतात. त्यांनी शिट्टी तोंडात घातली आणि अशी वाजवली की खालच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली. शाळेत ग्राउंडवर बोलवायची ती शिट्टी. वस्तीवरच्या प्रत्येकानं ती लहानपणी ऐकलेली. बाप्ये, बाया, सून, सासू, जो तो हातातलं टाकून वर आला. सरांनी त्यांना पायवाटेवर ठराविक अंतरानं उभं केलं आणि कॅन हातोहात वर सडकेपर्यंत पोचवले. दोघांत एक कॅन, पुढच्या जोडीच्या हातात दिला की मागं वळायचं. चाळिशी-पन्नाशीची माणसं रिले पळत होती आणि सर ओरडत होते, “हातात दे, खाली ठिवू नगं!” सडकेवर एका ओळखीच्या टेम्पोनं कॅन घेतले, आणि ओट्यावरची स्टेपनी आणवून चाक बदलल्यावर आम्ही मागोमाग गेलो. हसून हसून आमच्या पोटात दुखत होतं.

सेंटरवर मात्र कुणी हसलं नाही. दूध उशिरा पोचलं होतं. सुपरवायझर साहेब वाईट माणूस नव्हते; पण त्यांनाही वरून विचारणारे होते. त्यांनी सरांना खुर्ची दिली आणि सांगितलं, सर, आता एकदा जरी दूध उशिरा आलं तर रूट काढून घ्यावा लागेल. दुसरी मोठी गाडी तयार आहे. सरांनी विचारलं, ती खालच्या वस्त्यांवर जाईल का? साहेब म्हणाले, नाही, ती सडकेवरूनच दूध उचलेल. खालच्या लोकांना आपापलं वर आणावं लागेल. परतीला म्हसोबाच्या वळणावर सरांनी मला गाडी थांबवायला लावली आणि खाली वस्त्यांकडे बघत बसले.

स्टेपनी परत गाडीत आली. उन्हाळा सरला, पाऊस झाला, हिरवा चारा आला, आणि दिवाळीनंतर दूध वाढलं. दूध वाढलं की सगळे खूश असतात. आम्ही दोघं तेवढे घोरात. ठरावीक कॅनांपर्यंत गाडी दुसऱ्या गिअरमध्ये वळण काढायची. त्यावर एक-दोन कॅन गेले की वळणावर पहिला टाकावा लागायचा, गाडी रांगायची, तापायची, आणि उशीर होणार हे ठरलेलं. मग रोज कुणाचे तरी कॅन खाली ठेवायला लागले. कुणाचे ठेवायचे ते सर ठरवायचे, पाळीपाळीनं, कुणावर अन्याय नको म्हणून. ज्याची पाळी तो सकाळी दुधाकडे बघत उभा राहायचा आणि आम्ही निघून जायचो. शाळेत संघातून एखाद्याचं नाव कापताना सरांचा चेहरा जसा व्हायचा तसा रोज व्हायला लागला.

एक दिवस पाळी भागाबाईची आली. भागाबाई एकटी, दोन गायांवर जगणारी. तिनं कॅन उचलून मुकाट ओसरीत ठेवला आणि सरांना म्हणाली, “न्हाई तर न्हाई सर. उद्या न्या. दूध काय पळून जातंय व्हय.” उद्यापर्यंत ते नासणार हे तिलाही माहीत, सरांनाही. त्या दिवशी सरांनी चढाला भजन म्हटलं नाही.

सेंटरवर कॅन उतरवून झाले तसे सर उठले आणि बुटांसकट वजनकाट्यावर उभे राहिले. काट्यावरचा माणूस गमतीत म्हणाला, सर, फॅट किती लावू? सगळे हसले. सरांनी आकडा बघितला, भरल्या कॅनचा आकडा विचारला, आणि खाली उतरले. मी विचारलं तर म्हणाले, बघून ठेवलं, कधीतरी लागतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या वस्त्या झाल्या, भागाबाईचाही कॅन सरांनी चढवायला लावला. मी म्हटलं, सर, वळणाला जड जाईल. चढाच्या पायथ्याला त्यांनी गाडी थांबवायला सांगितली, दार उघडलं आणि खाली उतरले. दार लावून खिडकीवर हात ठेवून उभे राहिले.

“या गाडीत सगळ्यात जड आणि सगळ्यात बिनकामाचं काय हाय, सांग,” ते म्हणाले.

मला कळलं. मी म्हटलं, “सर, बसा. मी एक कॅन ठिवते हितंच. पायथ्याशी कुनीबी बघंल.”

“मी दोन कॅनांना भारी हाय. काटा बघितलाय मी. तू जा.”

“तुमी कसं येनार?”

“चालत. पायवाट हाय की. वर थांबू नको माझ्यासाठी. तू थांबलीस तर मी उतरल्याचा उपयोग काय?”

मी गाडी चढाला घातली. शेजारी कुणी नाही, भजन नाही, नुसतं इंजिन. वळण आलं, मी दुसरा सोडला नाही. गाडी जरा कण्हली आणि निघाली. म्हसोबा मागं पडला. माझ्या तोंडून आपोआप “सर” निघालं आणि शेजारी बघितलं तर सीट रिकामी. एवढ्या महिन्यांची तयारी ज्या क्षणासाठी केली तो क्षण मी एकटीनं बघितला. आरशात खाली पायवाटेवर पांढरे बूट दिसले, सावकाश वर येणारे. मला थांबायचं होतं. त्यांनी थांबू नको म्हटलं होतं, म्हणून थांबले नाही. दूध वेळेत पोचलं, आणि रूट आमच्याकडेच राहिला.

त्यानंतर सर रोज पायथ्याला उतरायचे. परतीला रिकामी गाडी घेऊन मी यायचे तेव्हा ते म्हसोबाच्या कट्ट्यावर बसलेले असायचे, आणि उतारापुरते माझ्याबरोबर. उतार लवकर संपतो. गोष्ट सुरू होईस्तोवर वस्ती यायची. आणि खरं सांगायचं तर पंचाहत्तर-ऐंशी किलोनं गाडीला एवढा फरक पडत नाही, हे मिस्त्रीनं मला नंतर सांगितलं. दुसरा न सोडता धरून ठेवला असता तर सर बसूनही गाडी चढलीच असती कदाचित. मी ते सरांना सांगितलं नाही. त्यांनी ऐकलंही नसतं.

पुढच्या थंडीत सरांना दम लागायला लागला. मुलगा नगरला सावेडीत फ्लॅटमध्ये राहतो. तो येऊन त्यांना घेऊन गेला. मी दोनदा भेटायला गेले. सर गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या रिक्षा बघत बसलेले. काय कसं, न विचारता त्यांनी आधी वळणाबद्दल विचारलं. दुसऱ्यातच काढते, म्हटल्यावर मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा गेले ती त्यांच्या मातीला. वस्त्यांवरची सगळी पोरं आली होती, माझ्या गाडीतून, मागं उभी राहून.

मुलानं गाडी मलाच दिली. आता ती माझ्या नावावर आहे. मी अजून तोच रूट करते, अजून दुसऱ्यातच वळण काढते, सेंटरवर पोचले की लगेच बंद करत नाही. दूध वेळेत जातं. कुणाचा कॅन खाली राहत नाही. भागाबाईच्या गाया आता चार झाल्यात. सगळं आम्हाला हवं होतं तसंच झालं.

पण मला सरांची फार आठवण येते, आणि ती नेमकी चढाला येते. गाडी धूर सोडायची, काटा तापायचा, सर दगड घेऊन मागच्या चाकाकडे पळायचे, त्या दिवसांची येते. तेव्हा मी म्हसोबाला हात जोडून म्हणायचे, देवा, आज तरी चढू दे. आता वळण आलं की मनात येतं, एखाद दिवस बंद पडू दे, जरा वेळ बसू दे मला कट्ट्यावर. पण ती बंद पडत नाही. सरांनी तिला तशी ठेवलीच नाही.